अकरा माणसं आणि एक स्टेशन

"ताई, झोपलात का हो?"

दुपारी चार वाजता कुंपणापलीकडून अशी हाक आली की समजायचं, वहिनींच्या पोटात काहीतरी राहत नाहीये. मे महिना, अंगणात कुरडया वाळत घातलेल्या, कावळ्यांवर डोळा ठेवायला मी बसलेलेच होते. उठून कुंपणाशी गेले.

"चाळ जाणार," वहिनी म्हणाल्या.

"कोणाची?"

"आमची. गिरगावची. आता खरंच. बिल्डरचं पत्र आलं, जूनअखेर खोल्या रिकाम्या करून द्या म्हणून. पंधरा वर्षं नुसत्या मीटिंगा चालल्या होत्या, कोणाला खरं वाटत नव्हतं. दादानं तर मागच्या दिवाळीत खोलीला रंग काढला."

बदलापुरात आम्ही शेजारी शेजारी राहतो त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यामुळे वहिनींचं माहेर मला माझ्या माहेराइतकंच पाठ आहे. लागून दोन खोल्या, दोन भाडेपावत्या, बाहेर लांबच लांब गॅलरी. जुन्या उपकरप्राप्त इमारतीतल्या भाडेकरूला नव्या इमारतीत कमीत कमी ३०० चौरस फूट कार्पेट मिळतं, पावत्या दोन म्हणून घरं दोन. ते सगळं ठीक. पण नवी इमारत उभी राहीपर्यंत बिल्डर महिन्याचं भाडं देणार आणि तुमची सोय तुम्ही करा म्हणणार.

"किती वर्षं म्हणतोय?"

"तीन."

"म्हणजे पाच धरा."

"दादा सहा धरतोय. आणि गंमत बघा, मागच्या ऑक्टोबरात तिथे मेट्रो आली. गिरगाव स्टेशन! घराच्या खाली उतरलं की कफ परेड, नाहीतर वर बीकेसी, आरे. आईनं हट्टानं एकदा बसून घेतलं. इतकी वर्षं गिरगावकर बसच्या रांगेत उभे राहिले आणि मेट्रो आली तेव्हा निघाले सामान बांधून."

मी बोटांवर माणसं मोजली. वहिनींची आई, वय शहाऐंशी. दादा आणि दादांची बायको. त्यांचा मुलगा, सून, तीन वर्षांचा नातू, कॉलेजातली मुलगी. धाकटा भाऊ, त्याची बायको, दहावीत जाणारा मुलगा, सहावीतली मुलगी. अकरा. बिल्डरच्या भाड्यात ही अकरा माणसं गिरगावात सोडाच, दादरलासुद्धा एका छपराखाली मावणार नाहीत. म्हणून आता रोज रात्री जेवणं झाली की सगळे स्टेशनांची नावं घेत बसतात.

"मग काय म्हणतात?"

"अहो तेच सांगायला आले. प्रत्येकाचं गाव वेगळं."

मला अशा वेळी गावांपेक्षा माणसांत जास्त रस असतो. माणूस ज्या गावाचं नाव घेतो त्याच्यामागे एक सांगायचं कारण असतं आणि एक खरं.

"दादांचं?"

"डोंबिवली. म्हणतो, मराठी गाव, नाट्यगृह आहे, फडके रोड आहे, गुढीपाडव्याची शोभायात्रा त्यांनीच १९९९ साली सुरू केली, मग आपल्या गिरगावात आली."

"आणि खरं?"

"चाळीतले त्याचे तिघे मित्र तिथे आहेत. संध्याकाळी पत्ते."

यात दादांना नावं ठेवायचं कारण नाही. निवृत्त माणसाला संध्याकाळ लागते. डोंबिवली सीएसएमटीपासून ४८ किलोमीटर, आमच्यापेक्षा २० किलोमीटर जवळ. हवं ते दुकान, हवा तो डॉक्टर, हवा तो क्लास. पण माझी नणंद तिथे राहते. २०१६च्या मे महिन्यात एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्फोट झाला तेव्हा तिच्या खिडक्यांच्या काचा घरभर झाल्या. २०२४ला पुन्हा तसाच मोठा स्फोट, तोही मे महिन्यातच. तेव्हापासून ती मे महिन्यात माहेरी येते. तर डोंबिवलीत घर बघायचं तर एमआयडीसी कुठल्या बाजूला आणि किती लांब, हे आधी विचारायचं, मग नाट्यगृह. आणि सकाळी आठ वाजताचा फलाट एकदा डोळ्यांनी बघून यायचा. डोंबिवलीहून सुटणाऱ्या गाड्या आहेत, नाही असं नाही, पण त्या गाड्यांपेक्षा माणसं फार.

"सूनबाईंचं काय?"

वहिनींनी इकडेतिकडे बघितलं. इथे आमच्या चिंचेवरच्या खारीशिवाय ऐकायला कोणी नव्हतं, तरी आवाज उतरला.

"ठाणे."

"बरोबर आहे की. ऑफिस ऐरोलीला ना? ठाण्याहून दिघा, मग ऐरोली. दुसरं स्टेशन. लहान पोर घरी असलेल्या बाईला दोन स्टेशनांवर ऑफिस म्हणजे केवढी सोय."

"सोय आहेच हो. पण ठाण्यात भाडी काय आहेत ठाऊक आहे? त्या पैशांत दोन खोल्यांचा फ्लॅट मिळेल. अकरा माणसं मावणारच नाहीत त्यात."

"मग?"

"मग काय मग! मावणार नाहीत हेच तर हवंय."

असं आहे. चाळीत राहून कोणी चूल वेगळी मागितली की चार बिऱ्हाडांत बभ्रा होतो. पण इमारतच पाडायला काढली की कोणाला काही मागावं लागत नाही. तीन माणसं ठाण्याला, चार विरारला, चार आणखी कुठे, आणि सगळे म्हणायला मोकळे की काय करणार, बिल्डरनं घराबाहेर काढलं. गिरगावातली, लालबागमधली किती तरी घरं अशीच वाटली गेली, भांडण न होता. मला त्या मुलीचा राग येत नाही. चार वर्षं पडद्याच्या आड संसार केलाय तिनं. दहा माणसांत स्वतःचं असं दार नाही. पण हे मी वहिनींना तेव्हा बोलले नाही. कुंपणावर सगळंच बोलून चालत नाही.

"आणि धाकट्या वहिनींचं?"

"विरार. माहेर वसईला."

"हं."

"ती म्हणते, आपलं स्टेशन चर्नी रोड, आपली लाइन वेस्टर्न, आपण सेंट्रलला कशाला जायचं? भावाचं दुकान भुलेश्वरला. विरारला बसला की चर्नी रोडला उतरला. गाडी बदलायला नको."

यात तथ्य आहे. विरार चर्चगेटपासून ६० किलोमीटर, गाडी तिथूनच सुटते, म्हणजे बसायला मिळतं. मासळी ताजी, वसईची भाजी, वेलची केळी, सुकेळी. दादा मासेखाऊ, ते इथेच विरघळतील. पण उन्हाळ्यात तिथल्या किती सोसायट्या टँकरवर चालतात ते धाकट्या वहिनींना माहेरी चार दिवस राहून कळलेलं नसणार, कारण माहेरवाशिणीला पाणी कोण मोजून देतं? आणि विरार गाडीत दहावीतला मुलगा एकटा चढवायचा म्हणजे छातीत धस्स होतं. मोठ्या माणसांची बोरिवलीला उतरायची टाप नसते.

पाण्याचा मी जरा हिशेबच मांडला वहिनींपुढे. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी लागतं, हा सरकारी योजनांचा ठरलेला आकडा. अकरा माणसं म्हणजे दिवसाला दीड हजार लिटरच्या आसपास. भाड्याच्या फ्लॅटमध्ये माळ्यावर टाकी असते पाचशे लिटरची. म्हणजे टाकी दिवसातून तीन वेळा भरली पाहिजे, आणि सोसायटीची मोटर तर सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास. म्हणून मोठ्या कुटुंबानं एक मोठा फ्लॅट बघू नये, शेजारशेजारचे दोन लहान बघावेत. दोन टाक्या, दोन संडास जास्त, दोन गॅस. भाडंही बहुतेक वेळा कमीच पडतं, कारण मोठ्या फ्लॅटचा मालक स्वतःला कोणीतरी समजतो.

"आणि पाणी किती वाजता येतं हे एजंटला विचारू नका," मी म्हटलं. "पहिल्या मजल्यावरच्या बाईला विचारा. एजंट सांगतो चोवीस तास. ती बाई सांगते, पावणेसहा ते साडेसहा, आणि मंगळवारी नाही."

"दादाच्या मुलाचं सांगायचं राहिलंच. त्याला पनवेल पाहिजे. तेही भाड्यानं नाही, विकत! विमानतळ सुरू झाला, अटल सेतू झाला, आता नाही घेतलं तर कधीच नाही, म्हणतो."

"त्याच्याकडे गाडी आहे?"

"नाही."

"मग त्या २१ किलोमीटरच्या सेतूचं काय लोणचं घालायचंय?"

वहिनी खो खो हसल्या. पण पोराचं तसं चुकत नाही. पनवेल जुनं, पाण्याला जरा कमनशिबी. नगरपालिकेच्या काळापासूनचं देहरंगचं धरण उन्हाळ्यात तळ दाखवतं. सिडकोनं वसवलेली नवी उपनगरं मात्र रुंद रस्त्यांची, नीटनेटकी. खारघरला तर डोंगर खिडकीत येतो. अडचण गाडीची. पनवेल सीएसएमटीहून ४९ किलोमीटर, म्हणजे डोंबिवलीइतकंच, पण हार्बरला जलद गाडी नाही. प्रत्येक स्टेशन घेत घेत यायचं. जाहिरातीत किलोमीटर छापतात, मिनिटं छापत नाहीत.

विकत घ्यायचंच असेल तर घे म्हणावं, पण महारेराच्या साइटवर प्रकल्पाचा नंबर टाकून ताबा कधी देणार म्हणून लिहिलंय आणि कोर्टकचेरी काय चालू आहे ते बघ, आणि घर बायकोच्या नावावर घे, मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. हे ऐकून वहिनी म्हणाल्या, "बायकोच्या नावावर? मग आमच्या दादाच्या बायकोला जेवण जाणार नाही." तो विषय मी तिथेच सोडला.

एवढ्यात आमच्या ह्यांनी आतून आवाज दिला. ह्यांना झोप लागलेली असते, पण रेल्वेचं नाव निघालं की उतरते. "त्यांना सांग, ठाण्यापर्यंत गाडी १८५३ साली आली, कल्याणपर्यंत १८५४ला, आणि आपल्या बदलापूरवरून खोपोलीला १८५६ला. विरारच्या आधी!"

"ऐकलं हो त्यांनी!"

"आणि अंबरनाथ का नाही बघत? शिवमंदिर १०६० सालचं..."

"दादांना तिथे शिलाहारांचं राज्य करायचं नाहीये. झोपा."

तसं अंबरनाथ वाईट नाही. पण आमच्या घरात त्याचं नाव फक्त मंदिरापुरतं निघतं, आणि गिरगावात तर निघालंच नाही. नेरळ, कर्जतचंही तसंच. तिथले बिल्डर शनिवार-रविवारची घरं विकतात. कर्जत १०० किलोमीटर. रोज जाऊन येणाऱ्यानं तिथे घर घेतलं तर घरी फक्त शनिवार-रविवारच राहील, एवढं त्या जाहिरातीत खरं आहे.

वहिनींना मी मग सरळच विचारलं.

"अकरातली गाडी पकडणारी किती?"

त्यांनी मोजली. "मुलगा, सून, धाकटा भाऊ, कॉलेजची मुलगी... आणि शाळा बदलली नाही तर दहावीवाला. पाच."

"आणि दिवसभर गावात राहणारी?"

"आई, दादा, दादाची बायको, धाकटी, सहावीतली, आणि तो छोटा. सहा."

"सहा जणं दिवसभर तिथे राहणार आणि गाव ठरतंय पाच जणांच्या गाडीवरून."

वहिनी गप्प झाल्या. माझं हेच म्हणणं आहे, आणि मी ते ओळखीपाळखीतल्या सगळ्यांना सांगून झालंय. गाडीवाली माणसं सकाळी सातला घर सोडतात, रात्री नऊला येतात. त्यांना गाव म्हणजे फलाट आणि रिक्षाची रांग. त्यांच्यासाठी एकच बघायचं: गाडी आपल्या स्टेशनवरून सुटते का, आणि एका लाइनीवर सगळ्यांची ऑफिसं येतात का. बदलापूर ६८ किलोमीटर लांब आहे, कोणाशी खोटं कशाला बोला, दीड तास जातो. पण बदलापूरहून सुटणारी गाडी पकडली तर पहाटेच्या वेळी टेकायला मिळतं. मिळतं म्हणजे, अलीकडच्या स्टेशनांवरून उलट्या गाडीनं येऊन जागा धरून बसणाऱ्या बाया नसल्या तर. त्यावरून लेडीज डब्यात जी भांडणं होतात ती ऐकायला मी तिकीट काढून जायला तयार आहे.

आणि हे बघा, सगळ्यांची कामं एका लाइनीवर आहेत. सुनेनं ठाण्याला गाडी बदलायची, मुलानं कुर्ल्याला उतरून बीकेसी गाठायचं, कॉलेजच्या मुलीनं कुर्ल्यालाच स्लो पकडून माटुंगा, भावानं शेवटपर्यंत बसून सीएसएमटीहून भुलेश्वरला चालत. विरारला राहिले तर सुनेचं काय? पनवेलला राहिले तर भुलेश्वरचं काय? पाच जणांना दोन लाइनींवर फाडलं की घरात एकाची तरी तब्येत वर्षभरात बसते.

दहावीवाल्याचं मात्र वेगळं. त्याला मी इथेही आणणार नाही आणि रोज दीड दीड तास गाडीतही घालणार नाही. दहावीत नवा मुलगा घ्यायला शाळा नाखूश असतात, त्यांना निकालाचा टक्का सांभाळायचा असतो. खेतवाडीत त्याची मावशी आहे. दहा महिने मावशीकडे, शनिवारी घरी. सहावीतली कुठेही रुळेल. दाखला काढायचा, पंधरा जूनच्या आत नव्या शाळेत नाव घालायचं. एवढं बोलून मी मूळ मुद्द्यावर आले.

"आईंना विचारलं का कोणी?"

"विचारलं ना. मीच फोन केला. म्हणाली, मला काय, तुम्ही न्याल तिकडे. मग ठेवता ठेवता म्हणाली, गॅलरी असेल का गं?"

यावर आम्ही दोघी बराच वेळ बोललो. साठ-पासष्ट वर्षं त्या बाईनं गॅलरीत बसून काढली. कोण आलं, कोण गेलं, पाव कधी आला, कोणाची मुलगी कोणाबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत आली. भाजी निवडायची गॅलरीत, नातवाला भरवायचं गॅलरीत. चाळीतल्या दारांना दिवसा कडी माहीत नाही. तिला जर उद्या बाराव्या मजल्यावरच्या बंद दाराच्या फ्लॅटमध्ये नेऊन बसवलं, लिफ्ट आहे, बाग आहे, क्लबहाउस आहे म्हणून, तर ती खाली उतरणारच नाही. वरून तिला फक्त गाड्यांची छतं दिसतील.

आणि इथेच आमच्या गावात पंचाईत आहे. स्टेशनजवळच्या इमारती जुन्या, तळमजला अधिक तीन नाहीतर चार, बहुतेकांना लिफ्ट नाही. लिफ्टवाले मोठाले कॉम्प्लेक्स सगळे स्टेशनपासून तीन तीन किलोमीटर, शेअर रिक्षा आणि तिची रांग. बिल्डरची माणसं रविवारी दुपारी एसी गाडीत घालून दाखवायला नेतात, रस्ता रिकामा, म्हणून पाच मिनिटं म्हणतात. सोमवारी संध्याकाळी साडेसातला स्टेशनबाहेर उभं राहून किती मिनिटं ते मोजावं. गुडघे गेलेल्या माणसाला मग तळमजला नाहीतर पहिला मजला. पण तळमजला म्हटलं की मी पहिला प्रश्न विचारते, २००५ला पाणी कुठपर्यंत आलं होतं?

"हो, ते मी विसरणार नाही," वहिनी म्हणाल्या. "२६ जुलै."

"आणि २०१९? महालक्ष्मी एक्सप्रेस आपल्या आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, हजारावर माणसं होड्यांनी काढली. उल्हास नदी आहे ती, तिला आपल्या चौपाटीचं कौतुक नाही. पश्चिमेला नदीकडच्या सखल भागात घर दाखवलं तर शेजारच्या जुन्या भिंतीवर पाण्याची खूण बघायची. रंग काढलेला असला तर वाण्याला विचारायचं. वाण्याची साखर भिजलेली असते, तो विसरत नाही."

"आणि आजारपण?"

"ते खरं आहे. साध्या तापाला इथे डॉक्टर पुष्कळ. पण रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर कल्याण-डोंबिवलीकडे पळायची तयारी ठेवायची. त्याला मी गोड बोलणार नाही. गिरगावात हॉस्पिटल चालत जायच्या अंतरावर होतं. ते इथे नाही. आधी एक रिक्षावाला ओळखीचा करून ठेवायचा, त्याचा नंबर फ्रिजवर."

वहिनींनी कुंपणावरून हात लांब करून माझ्या झाडाचा कढीपत्ता तोडला. विचारून तोडत नाहीत, मीही त्यांच्या शेवग्याच्या शेंगा विचारून काढत नाही.

"दादांच्या बायकोला करमेल का पण?" मी विचारलं.

"तिचंच तर मला कळत नाही. ती कुठल्याच गावाचं नाव घेत नाही. नुसती भांडी पेपरात गुंडाळते."

दादांच्या बायकोला मी दोन-तीनदा भेटलेय. मागच्या पावसाळ्यात त्या इथे आल्या होत्या तेव्हा स्टेशनबाहेर डोंगरावरच्या बायका शेवळं घेऊन बसल्या होत्या. त्या माउलीनं दहा जुड्या घेतल्या. गिरगावात त्या भाजीला काय भाव पडतो ते सांगत होत्या आणि हातात घेऊन वास घेत होत्या. मग टाकळा, भारंगी, कुर्डू, सगळं बघत बघत रस्ताभर चालल्या. जांभळं झाडावरची खाल्ली. त्यांना कोणी विचारलंच नाही म्हणून त्यांनी नाव घेतलं नसेल.

"अजून एक सांगते," मी म्हटलं. "घर कुठेही घ्या, करार अकरा महिन्यांचा करू नका. एजंट तोच पुढे करतो. अकरा माणसं घेऊन दर अकरा महिन्यांनी कपाटं उतरवायची काय? सरळ छत्तीस महिन्यांचा रजिस्टर करा, दर वर्षी भाडं किती वाढणार ते त्यातच लिहून घ्या. आणि दोन फ्लॅट समोरासमोर बघा. दिवसा दोन्ही दारं उघडी टाकली की मधला पॅसेज ही आईंची गॅलरी. सुनेला तिचं दार मिळालं. रात्री लावून घेईल, कोण काय म्हणतंय? स्वयंपाक एकीकडे करायचा की दोन्हीकडे, ते बायका बघून घेतील आपापलं, त्यात पुरुषांनी पडू नये."

"सोसायटी ओरडेल, पॅसेजमध्ये चपला म्हणून."

"चपलांचं कपाट घ्यायचं."

"आणि आईला खुर्ची टाकून बसता आलं पाहिजे. खिडकी रस्त्याच्या बाजूला."

"पहिला मजला."

"पहिलाच. तिथून भाजीवालीशी बोलता येतं, टोपली सोडता येते." वहिनी हे इतक्या पटकन बोलल्या की मी त्यांच्याकडे नीट बघितलं.

त्या समोरच्या इमारतीकडे बघत होत्या. रस्त्यापलीकडची तीन मजल्यांची. पहिल्या मजल्यावरचे दोन्ही फ्लॅट एकाच मालकाचे, तो मुलाकडे पुण्याला गेल्यापासून बंद होते. आज खिडक्या उघड्या होत्या आणि आत कोणीतरी झाडू मारत होतं.

"वहिनी."

"काय?"

"ते कोण झाडतंय?"

"आमची कामवाली."

"तुमची कामवाली तिथे काय करते?"

वहिनींनी कढीपत्त्याची पानं दांड्यावरून ओढायला सुरुवात केली. "टोकन दिलंय."

"कोणी?"

"मी. परवा. आधी पाण्याचं विचारलं हो, पहिल्या मजल्यावर कोणी नव्हतं म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या बाईला. आणि २००५चं वाण्याला. पाणी इथे आलं नव्हतं."

"दादांना माहीत आहे?"

"नाही. ते सगळे शनिवारी डोंबिवली बघायला चाललेत, रविवारी विरार. जाऊ देत. फिरून पाय दुखले की ऐकतील."

"मग कोणालाच माहीत नाही?"

"आईला माहीत आहे. तिनंच दिले टोकनचे पैसे, तिच्या पेन्शनीतले. आणि दादाच्या बायकोला. भांडी उगाच गुंडाळत नाहीये ती."

मी कुंपणावर हात टेकले. इतका वेळ मी यांना पनवेल आणि विरार समजावत होते.

"मग मला कशाला विचारत बसलात तासभर?"

"विचारत कुठे होते? सुनेला कोणीतरी समजावायला पाहिजे ना. दोन दारांचं तुम्ही किती छान बोललात आत्ता, मला तसं बोलता येत नाही. शनिवारी रात्री फोन लावून देते, तुम्ही बोला."

"अहो, मी तिला लग्नात एकदा पाहिलंय फक्त. तिला माझं नावसुद्धा आठवणार नाही."

"म्हणून तर ऐकेल," वहिनी म्हणाल्या. "घरच्यांचं ऐकते का ती?"